हाल्वारनं निवडलेला कॅमेरा

गावातल्या बहुतेक भिंतींवर हाल्वारचे फोटो आहेत. बारशाचे, लग्नाचे, शाळेच्या पहिल्या दिवसाचे. पस्तीस वर्षं तोच काढायचा.

मार्चमध्ये धक्क्यावरचं होड्यांचं सामाईक घर वादळात पडलं. दर शनिवारी सगळ्यांनी यायचं आणि ते बिनपगारी बांधायचं, असं ठरलं. "सात महिन्यांचं काम दोन मिनिटांत दिसलं पाहिजे," ओडनी म्हणाली. ती गावसभेची चिटणीस. टाइमलॅप्सचा कॅमेरा निवडायचं काम अर्थातच हाल्वारकडे आलं.

तो स्वतःचा मोठा कॅमेरा लावणार असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यानं सभेत एक लहानशी डबी टेबलावर ठेवली.

"हे काय रे? चिमणीचं घर?" श्यूर म्हणाला. तो त्याचा शेजारी, शाळेपासूनचा सोबती.

"हा फक्त टाइमलॅप्सचा. एकदा खांबाला बसवला की विसरून जायचं. सेल महिनोन् महिने टिकतात. पावसाचं भय नाही. फिल्मही आपली आपण तयार करतो. माझा मोठा कॅमेरा सारखा उतरवावा लागेल, आणि दर वेळी चौकट तसूभर सरकेल." तो थांबला. "शिवाय उजेड कमी झाला की हा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. ऑक्टोबरातही दिसेल."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. खरं कारण तेवढं त्यानं सांगितलं नाही. या कॅमेऱ्याला हात लावावा लागत नव्हता.

त्याचा उजवा हात हिवाळ्यापासून थरथरत होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते त्यानं स्वतःजवळच ठेवलं. वर्षाच्या सुरुवातीला ओडनीच्या घरी तिच्या नातीचा फोटो काढला, तो हलला. "उजेड नव्हता," तो म्हणाला. "असू दे रे," म्हणत ओडनीनं तो चौकटीत बसवला आणि बैठकीत लावला. त्यानंतर हाल्वार तिच्या घरी गेला नाही.

डबी खांबाला श्यूरनं बसवली. हाल्वार दर शनिवारी यायचा आणि उजवा हात खिशात घालून उभा राहायचा.

"खिसा राखतोयस का रे?" श्यूर शिडीवरून ओरडायचा. "फोटो तर डबी काढतेय. तू एखादी फळी उचल की!"

सगळे हसायचे. हाल्वारही हसायचा. कान मात्र तापायचे. कॉफीच्या वेळी तो बाकाच्या टोकाला बसायचा. तिथे कुणाचं लक्ष जात नसे. पेल्यासाठी मात्र हात बाहेर काढावाच लागे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी छप्पर पुरं झालं. फिल्म दाखवायला नव्या भिंतीवर चादर टांगली. हाल्वारनं कॅमेऱ्यातलं कार्ड ओडनीला काढायला सांगितलं. फिल्म त्यानं आधी पाहिली नव्हती.

फळ्या चढत गेल्या. माणसं मुंग्यांसारखी धावली. बघणारी पोरं खिदळली. मग शरदातले काळवंडलेले दिवस आले. कॉफीच्या एका फोटोवर ओडनीनं फिल्म थांबवली.

"थांबा, इथे सगळे आहेत. आभाराच्या यादीसाठी मोजते."

बारा माणसं बाकावर निवांत बसली होती. बारा चेहरे स्पष्ट. टोकाला हाल्वारच्या उजव्या हाताच्या जागी करडा धुरळा.

"अरे हाल्वार, एका फोटोपुरता तरी स्वस्थ बस!" श्यूर म्हणाला. "पुढचा लाव गं."

पुढच्या फोटोतही धुरळा होता. त्याच्या पुढच्यात आणि नंतरच्या शनिवारीही. श्यूर हसता हसता थांबला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. तेच हाल्वारला सोसेना.

डोळा जास्त वेळ उघडा राहतो, हे त्यानंच तर सांगितलं होतं. सभेत, सगळ्यांसमोर. डोळा उघडा असताना जे हलतं त्याचा धुरळाच होतो. पस्तीस वर्षं हाच धंदा केला, आणि त्याच्याच हे ध्यानात आलं नाही.

"ओडनी," तो म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या घरी उजेड भरपूर होता."

"माहीत आहे मला."

तिला पहिल्यापासून माहीत होतं, हे ऐकून त्याची मान आणखी खाली गेली.

श्यूर बराच वेळ टोपी चुरगाळत बसला. "एवढा भाग कापून टाकू या का?" त्यानं हळूच विचारलं. "जमतं म्हणे."

हाल्वारनं क्षणभर चादरीकडे पाहिलं. बाक, बारा माणसं, मागे उभं राहत असलेलं घर.

"नको," तो म्हणाला. "चौकट बरोबर आहे."

मग श्यूरनं त्याच्यापुढे पेला ठेवला. अर्धाच भरलेला. हाल्वारनं खिशातून हात काढला. कॉफी तरीही सांडली, आणि तो मान वर करू शकला नाही.