दस्तगीरचाचांचं 'ऐकलेलं'

दस्तगीरचाचा गाणं ऐकायला बसले की गाणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसत आणि डावा कान पुढे करत. माधवनगरच्या गिरणीतल्या मागांच्या खडखडाटानं उजवा कान केव्हाच गेला होता. उरलेल्या एका कानावर हा गृहस्थ संगीताचं मासिक चालवत होता.

मासिकाचं नाव 'ऐकलेलं'. सत्तरच्या दशकात मी विश्रामबागेत एका कचेरीत टायपिस्ट होते. दुपारच्या सुट्टीत चाचा कागद घेऊन हजर. मी कुरकुरत टाईपरायटरवर स्टेन्सिल कापून द्यायची आणि मनातून पुढच्या महिन्याची वाट बघायची. सायक्लोस्टाईलवर साठ प्रती निघत. त्यात लग्नातले बँडवाले, गल्लीतली भजनी मंडळं, जत्रेतले हलगीवाले. मोठ्यांबद्दल लिहायला मोठी वर्तमानपत्रं होतीच. वाचून झालं की शेवटच्या पानावर सही करायची आणि अंक पुढच्याला द्यायचा, एवढीच वर्गणी.

"कानानं ऐकलं तरच लिवायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हा नेम एकदाच मोडला. पाटणच्या जत्रेची एसटी चुकली आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून चाचांनी लिहिलं, 'तातोबा सनईवाल्यांचा दम संपला.' मीही मुकाट्यानं टाईप केलं. महिन्याभरात तातोबांच्या मुलीचं पत्र आलं. दोन लग्नघरांनी वडिलांना नको म्हणून कळवलं होतं.

चाचा रजा टाकून पाटणला गेले. तातोबांना वाचता येत नव्हतं. आपलं नाव छापून आलं म्हणून त्यांनी तो अंक देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवला होता, आणि मुलीला खरं सांगायचा धीर झाला नव्हता. चाचांनी ती ओळ होती तशी वाचून दाखवली. तातोबा सावरून बसले. सनईची पत्ती ओली केली आणि तासभर वाजवत राहिले. मग म्हणाले, "आता लिवा, काय ऐकलं ते."

मी म्हटलं, पुढच्या अंकात दुरुस्ती टाकू. चाचा म्हणाले, "न्हाई पोरी. ज्यानं वाचलं, त्येच्या म्होरंच खोडाय पायजे. साठच हाईत, गावत्यात." मागच्या पानावरच्या सह्या धरून ते सुट्टीच्या दिवशी सायकलवरून, एसटीनं दारोदार फिरले. प्रत्येक प्रतीत ओळ खोडून निळ्या शाईनं लिहिलं, 'न ऐकता लिहिलं होतं. आता ऐकलं. दम भरपूर आहे.' त्या हंगामात तातोबांना पुन्हा लग्नं मिळाली.

पुढे चाचांचा डावा कानही गेला. त्यांनी शेवटच्या अंकाचा कागद आणला, त्यात एकच ओळ: 'आमचा कान गेला, आता तुम्ही ऐका.' टाईप करताना मला रडू आवरेना. तेच माझी समजूत घालत होते.

चाचा आता नाहीत. निळ्या शाईनं दुरुस्त केलेल्या त्या अंकाची एक प्रत फिरत फिरत माझ्याकडे आली, ती मी पुढे दिली नाही. मागचं पान सह्यांनी भरलेलं आहे आणि अगदी खाली, कोपऱ्यात, सहीच्या जागी तातोबांचा निळा अंगठा आहे.