पाळणाघरातलं पहिलं लेकरू

मालेगावच्या आठवडी बाजारात अंजनाबाईंच्या भाजीच्या पथारीवर नेहमी एखादं परकं लेकरू बसलेलं असायचं. "काकू, जरा पाह्यजा व याच्याकडं, मी तेल-मीठ घेऊन येतो," असं म्हणून बाया पोरं तिथं टेकवून जायच्या. मेथीच्या जुड्या बांधता बांधता अंजनाबाई त्यांच्याशी बोलत राहायच्या, रडणाऱ्याच्या हातात गाजर द्यायच्या.

साधनाताईंनी हे पाहिलं. डोंगरातल्या वस्त्यांवर बायका-मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत त्या होत्या. वर वस्तीवर बाया निंदायला गेल्या की तान्ही मुलं बांधावरच्या झोळीत उन्हात लटकत. संस्थेनं तिथं पाळणाघर काढायचं ठरवलं होतं, पण माणूस मिळत नव्हतं.

"काकू, तुम्ही भाजी विकता की लेकरं सांभाळता?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," अंजनाबाई हसल्या. साधनाताईंनी तिथंच त्यांना पाळणाघर सांभाळायला येता का, असं विचारलं.

घरी नवरा, नथ्थू, ऐकूनच वैतागला. "मळ्यात इतकं काम पडलं हाये अन् तू डोंगरावर कायले जातं?"

"पोरगी सासरी रिठदले नांदून राह्यली. घरात लेकराचा आवाज नाई. मले करमत नाई," अंजनाबाई म्हणाल्या. सोमवारी मात्र नथ्थूनंच मोटारसायकल काढली आणि बायकोला वर सोडून आला.

संस्थेनं समाजमंदिराची खोली रंगवून दिली होती. पाळणे होते, खेळणी होती, खिचडीचं सामान होतं. फक्त लेकरं नव्हती. बाया दारावरून जात, आत डोकावत आणि पोराला पाठीशी बांधून शेताची वाट धरत. अंजनाबाई रिकामा पाळणा हलवत बसून राहत.

एके सकाळी वस्तीतली चंदाबाई दारात उभी राहिली. तिच्या काखेत शेळीचं करडू होतं, जन्मून एकच दिवस झालेलं.

"तुमी सांभाळता ना? मंग याले ठेवा. याची माय मेली. मी निंदाले चालली."

"अन् तुहं लेकरू?"

"त्याचं मंग पाहू."

अंजनाबाईंनी करडू मांडीवर घेतलं. चहासाठी घरून आणलेलं दूध कोमट केलं, त्यात कापडाची वात बुडवून त्याच्या तोंडाला लावली. पोट भरल्यावर त्याला पाळण्यात निजवलं आणि रिकाम्या खोलीत पहिल्यांदाच अंगाई म्हटली.

दुपारी साधनाताईंचा फोन आला. "आज कुणी आलं का?"

"आलं ना! एक आलं."

"अरे वा! नाव काय?"

"नाव ठेवलं नाई अजून. पण चार पायाचं हाये."

तिकडून हसण्याचा आवाज येत राहिला.

चंदाबाई त्या दिवशी वेळेच्या आधीच आली. दाराआड उभी राहून बराच वेळ आत पाहत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा करडू आलं. तिसऱ्या दिवशी तिच्या एका काखेत करडू होतं आणि दुसऱ्या कडेवर वर्षाचा होत आलेला बादल.

"दोघंई ठेवा," ती म्हणाली. "फोटो काढणारे लय येऊन गेले अथी. तुमचा हात कसा हाये, थे पाह्याचं होतं मले."

बादल आला तशी बाकीचीही आली. पावसाळा सरेपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बाया निर्धास्त कामाला जाऊ लागल्या. संध्याकाळी मुलं घ्यायला आल्या की घटकाभर तिथंच बसायच्या, हसायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या.

सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती तेव्हाची गोष्ट. भर दुपारी बादलनं खांब सोडला आणि डुलत डुलत अंजनाबाईंकडं चालत आला. मुलांनी टाळ्या पिटल्या. अंजनाबाई आनंदानं ओरडणारच होत्या, तेवढ्यात त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांची स्वतःची मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हा त्या बाजारात होत्या. शेजारणीनं सांगितलं, तेवढंच त्यांच्या वाट्याला आलं होतं.

"कोनं सांगाचं नाई बरं!" त्यांनी सगळ्या पोरांना दटावलं. "पह्यल्यानं त्याची माय पाहीन."

संध्याकाळपर्यंत पोरांना दम निघेना. चंदाबाई आली तशी सगळी गप्प बसली. अंजनाबाईंनी बादलला खांबाशी उभं केलं. तो मटकन खाली बसला. पोरं कळवळली.

"काय झालं वं?" चंदाबाईनं विळा बाजूला ठेवला आणि हात पसरले. "ये, बाप्पा."

बादल उठला. एक पाऊल, मग दुसरं, आणि मग धावल्यासारखा तो आईच्या अंगावर जाऊन पडला.

"माय व! चालला! माहा बादल चालला!" चंदाबाईच्या आरोळीनं अर्धी वस्ती गोळा झाली.

तेवढ्यात एक चिमुरडी म्हणाली, "दुपारी तं थो याच्याऊन जास्त चालला होता!"

चंदाबाईनं अंजनाबाईंकडं पाहिलं. "तुमी मले दाखवासाठी लपवून ठेवलं?"

अंजनाबाईंनी मान हलवली. चंदाबाई हसत सुटली, हसता हसता रडली आणि त्यांच्या गळ्यात पडली. मग घरातला गूळ आणून तिनं दारोदार वाटला.

सोंगणी संपल्यावर ती स्वतःच पाळणाघरात मदतीला येऊ लागली. यंदा पलीकडच्या डोंगरावर संस्थेनं दुसरं पाळणाघर काढलं, ते चंदाबाई चालवते. एखादं लेकरू पहिल्यांदा कधी चाललं, असं कुणी विचारलं तर या दोघींचं उत्तर एकच असतं.

"त्याच्या मायनं पाह्यलं तवा."