घड्याळाचं मागचं दार
रॉकेलचा वास आला की मला धुळ्यातलं माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आठवतं आणि सोनगीरहून आलेल्या एक अक्का आठवतात. युद्धाचे दिवस होते. अक्कांनी वारलेल्या सासऱ्यांचं, फळीवर ठेवायचं लाकडी घड्याळ जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलं होतं. घरात वाटणी व्हायची होती, म्हणून ते कुठलं आणि किती किमतीचं एवढंच मी सांगायचं होतं. आतला शिक्का पाहून मी ते जर्मन ठरवलं. पण लाकडावर काजळी साचली होती आणि मागच्या दाराच्या आत पेन्सिलीची बारीक गिचमिड होती. पोरांनी ओढलेल्या रेघोट्या असतील, असं समजून मी रॉकेलच्या बोळ्यानं सगळं घासून काढलं आणि वर पॉलिश चढवलं. संध्याकाळी अक्का आल्या तेव्हा मी ऐटीत किंमत सांगितली. त्यांचं लक्षच नव्हतं; मागचं दार उघडून त्या आतून बोट फिरवत होत्या. "भाऊ, आठे लिखेल व्हतं, ते कोठे गयं?" त्यांच्या गल्लीत घड्याळ तेवढं एकच, त्यामुळे कुणाकडे मूल झालं की माणूस पळत यायचा आणि सासरे जन्मवेळ तिथंच टिपून ठेवायचे. "मन्हा पोऱ्यानी बी येळ व्हती," त्या म्हणाल्या, "तो तीनच दिन जगना." मी घाबरलो आणि म्हणालो, "पुसल्यानं किंमत वाढली, अक्का." आता दुकान मुलगा चालवतो. घड्याळ उघडलंस की आतलं आधी वाच, असं मी त्याला रोज बजावतो. का, ते मात्र अजून सांगितलेलं नाही.