हात लावून सांग

साळोखेकाकांना नुसतं ‘हो’ पुरत नसे. दार लावलं का, असं त्यांनी विचारलं आणि आपण ‘हो’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असे : “हात लावून बघितलंस?” लंडनच्या हाउन्सलो भागातल्या त्यांच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी जिन्याच्या कठड्यापासून खिडकीच्या कडीपर्यंत सगळं मला हात लावायला लावून दाखवलं. हा माणूस कसलातरी प्रचंड धसका घेऊन जगतोय, एवढं मला त्याच दिवशी कळलं. कसला, ते कळायला दोन वर्षं गेली.

काका मूळचे कोल्हापूरकडचे. काकी नर्स म्हणून इथल्या हॉस्पिटलात आल्या, त्यांच्या पाठोपाठ काका आले आणि विमानतळावर लागले. तिथे ते सामानाचा टग चालवत. पुढे ठेंगणं इंजिन आणि मागे बॅगांनी भरलेल्या चार-चार गाड्यांची माळ. घरासमोर त्यांचा जुना कॅम्पर, म्हणजे आत झोपायची आणि चहाची सोय असलेली मोठी गाडी, उभा असे. सुट्टीत ते त्याच्यामागे बंदिस्त ट्रेलर जोडून काकींना समुद्र दाखवायला नेत. निघण्याआधी जोडाच्या लोखंडी मुठीवर तळवा ठेवून, ट्रेलरचं तोंड वर उचलायचा जोर लावून बघत. वाटेत चहाला थांबले तरी पुन्हा तेच. काकी वैतागून म्हणत, “अहो, आता त्याला नमस्कार करा आणि चला.”

मी नागपूरची. वडिलांचा छोटा छापखाना होता. मी अक्षरं शिकले ती मोर्च्यांच्या पत्रकांवर. लंडनमध्ये आठवडाभर सॉफ्टवेअर करायचं आणि शनिवार-रविवार मित्रांबरोबर सफाई करणाऱ्या बायकांच्या हक्कांची पोस्टर आणि पुस्तकं घेऊन गावोगाव फिरायचं, असं माझं चाललं होतं. काका माझं प्रत्येक पत्रक वाचत.

“या बायकांना कामाच्या पाळीत एकदाच बसू देतात, असं लिवलंयस. तू बघितलंस?”

“सगळ्यांना माहीत आहे, काका.”

“मंजे हात लावला न्हाईस. बरं, बरं, पत्रकबाई.”

माझ्या अंगाचा तिळपापड होई.

२००६ च्या मे महिन्यात आम्ही लीड्सला निघालो. तिथल्या सफाई करणाऱ्या बायका दुपारच्या सुट्टीत आमचं प्रदर्शन बघायला येणार होत्या. कॅम्पर काका चालवत होते आणि पुस्तकं त्यांच्या ट्रेलरमध्ये होती. तंबू, पोस्टर आणि पाट्या एका छोट्या ट्रेलरमध्ये होत्या आणि तो माझ्या मित्राच्या, समीरच्या कारमागे होता. एम-वन मोटरवेवर एका सर्व्हिसेसला, म्हणजे पेट्रोल-खाण्याच्या थांब्यावर, चहासाठी थांबलो आणि तिथेच समीरच्या गाडीचा क्लच गेला.

काकांच्या ट्रेलरच्या मागे एक टोबॉल होता, म्हणजे ज्यावर ट्रेलरचं तोंड बसतं तो लोखंडी गोळा. आधीच्या मालकाने सायकली अडकवायला तो बसवून घेतला होता. माझी नजर तिथे गेली.

“काका, याच्यामागे समीरचा जोडू. झालं काम.”

“मोटारीमागं एकच ट्रेलर. कायदा हाय.”

“तुमच्याकडे उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात ना? आणि विमानतळावर तर तुम्ही रोज चार ओढता!”

“तिथं सायकलीच्या वेगानं जातो. उतार न्हाई, वारं न्हाई, बाजूनं लॉरी न्हाई. हितं आरशात पहिलाच दिसतोय, दुसरा काय करतोय ते कुणाला ठावं? मागचा डुलाय लागला की मधल्याला डुलवतो, मधला आपल्याला. घाबरून ब्रेक दाबला की समदं आडवं. आन् ट्रॅक्टरचं मला सांगू नगंस.”

“तुम्ही घाबरता, काका.”

“व्हय. लई घाबरतो.”

“अन्यायाचे सगळे कायदे असेच टिकतात. तुमच्यासारख्या घाबरणाऱ्यांवर.”

 काका कॅम्परची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, “आत चहा टाक. मी जरा जाऊन येतो.”

ते दिसेनासे होताच मी आणि समीरने छोटा ट्रेलर ढकलत आणून त्या गोळ्यावर बसवला. खट्ट आवाज आला.

“अगं, बसला का नीट?”

“बसला. आवाज आला ना! लॉरींच्या पार्किंगला एक चक्कर मारते. काकांना दाखवू, काही होत नाही.”

पण सर्व्हिसेसमधले रस्ते एका दिशेचे असतात. वळायच्या जागी मागच्या लांबलचक शेपटाची भीती वाटून मी वळलेच नाही आणि पुढचा बाण सरळ मोटरवेकडे निघाला. मी रिव्हर्स टाकला. एक ट्रेलर डावीकडे मुडपला, दुसरा उजवीकडे, आत पुस्तकं धडाधड कोसळली. मागे लॉरी येऊन भोंगा वाजवायला लागली. मागे जाता येईना, म्हणून पुढे निघाले.  आधी मला माझं लायसन्स आठवलं, मग व्हिसा. रस्त्यावरची माणसं त्यानंतर आठवली. हा क्रम मी अजून विसरलेले नाही.

खिडकीवर थाप पडली. काका गाडीबरोबर धावत होते. दार उघडून ते शेजारी बसले. धाप लागली होती, आवाज मात्र हळू.

“ब्रेक हाणू नगंस. पाय हळू काढ. डावीकडं गवतावर घे. अस्सं. आता हँडब्रेक.”

गाडी थांबली. शंभर पावलांवर मोटरवेवरून लॉऱ्या सणसणत जात होत्या.

“मागचा लॉक झालाय?”

“हो.”

“हात लावलास?”

“हो,” मी म्हणाले.

काका उतरले. मागच्या लॉरीसमोर उभे राहून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले, विमान थांबवतात तसे. शिव्या देणारा तो ड्रायव्हर गप्प थांबला. मग काका मागे गेले आणि त्यांनी एका हाताने छोट्या ट्रेलरचं तोंड उचललं. पातेल्यावरचं झाकण निघावं तसं ते अलगद वर आलं.

काकांमागून समीरही धावत आला होता. तिघांनी तो ट्रेलर गवतावर ढकलला, समीर मदतीच्या गाडीची वाट बघत तिथे थांबला आणि आम्ही दोघं पुढे निघालो. काकांनी मोडक्या गाडीपेक्षाही हळू कॅम्पर चालवला. बऱ्याच वेळाने, समोरच बघत, त्यांनी सांगितलं.

“वीस वर्साचा होतो. भाऊ ट्रॅक्टरवर, मी संगती. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. कारखान्याच्या चढाला भावानं विचारलं, दुसरीची पिन बसली का? म्हटलं, बसली. हात लावला नव्हता. मागं हौसा म्हणून एक तोडकरीण पडलेला ऊस येचत येत हुती. चढावर ट्रॉली सुटली ती तिच्यावर. तिथंच गेली.”

 त्यांनी गिअर बदलला आणि पुढे सांगितलं.

“भावानं समद्यांस्नी सांगितलं, पिन तुटली. तुटली नव्हती. मला कुणी इचारलंच न्हाई, पोरी. अजून वाट बघतोय कुणीतरी इचारंल म्हणून.”

मी खिडकीकडे तोंड केलं. मघाशी मीही ‘हो’ म्हणाले होते, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

लीड्सला तंबू नव्हता, पोस्टरही नव्हती. ट्रेलरचं दार उघडून पुस्तकं मांडली आणि मी बायकांशी बोलण्याऐवजी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं. परतल्यावर, ज्यांच्यावर मी पत्रक लिहिलं होतं, त्या बायकांबरोबर एक पूर्ण पाळी उभी राहिले. माझं पत्रक चुकीचं होतं. त्यांना एकदाही बसू देत नव्हते. नवं पत्रक काकांनी दोनदा वाचलं आणि नुसतं म्हणाले, “हां.”

तीन वर्षांनी काकांचं हृदय थकलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काकी त्यांच्या उशाशी होत्या, मी पायाशी.

“घरचा गॅस बंद केलास?”

“केला, काका.”

“हात लावलास?”

त्या क्षणी ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. काकींनीही मला डोळ्यांनी तेच सुचवलं.

“नाही,” मी म्हणाले. “नुसतं बघितलं.”

त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांना इतकं निवांत मी कधी बघितलं नव्हतं. “मग जा, बघून ये. मी हाय हितं.”

मी बस पकडून घरी गेले. गॅस बंदच होता. तरी बटणावर तळवा ठेवून, जोर लावून बघितलं. हात तिथेच होता तेव्हा फोन वाजला. “आता धावत येऊ नकोस,” पलीकडून काकी म्हणाल्या. “ते गेले.”