उजव्या बाहीवरचा डाग

मावशी समोरून येणाऱ्या माणसाच्या आधी बाह्या बघत, मग कॉलर, आणि सगळ्यात शेवटी तोंड. देशाच्या प्रमुखांच्या निवासस्थानात एकवीस वर्षं धुलाईखोली सांभाळल्यावर दुसरं काय होणार! तिथे प्रमुखांना सगळे साहेब म्हणत आणि धुणाऱ्या बाईला मावशी. साहेबांचे सदरे, पाहुण्यांच्या चादरी, टेबलांवरची पांढरी कापडं, चाळीस पहारेकऱ्यांचे गणवेश, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. मदतीला दोन बायका होत्या, पण डाग काढायचं काम मावशी कुणाला देत नसत. शाईला एक इलाज, गंजाला दुसरा, रक्ताला फक्त गार पाणी. नियम एकच: डाग राहिलेला कपडा धुलाईखोलीच्या दाराबाहेर जाणार नाही. एकदा खुद्द साहेबांचा सदरा त्यांनी दोन दिवस अडकवून ठेवला होता, आणि साहेब मुकाट्याने दुसरा घालून भाषणाला गेले होते. ही गोष्ट मावशी रंगवून सांगत, पण घरी कधी नाही. कारण घरात वहिनी होत्या.

वहिनी म्हणजे मावशींच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ छापखान्यात यंत्रावर होता. साहेबांच्या विरोधातली पत्रकं छापली म्हणून सात वर्षांपूर्वी साध्या कपड्यांतली दोन माणसं त्याला भरल्या ताटावरून उठवून घेऊन गेली. चौकशी आहे, तासाभरात सोडतो, असं जाताना म्हणाली. तो तास अजून संपला नव्हता. कुठल्या तुरुंगात आहे, आहे की नाही, नसेल तर कुठे पुरला, याचं उत्तर एकाही कचेरीने दिलं नाही. मावशींचा नवरा आधीच गेलेला. दोघी नणंदा-भावजया दोन खोल्यांत एकत्र राहू लागल्या. मावशींनी नोकरी सोडली नाही. सोडली असती तर पुढची पाळी कुणाची लागली असती हे दोघींना ठाऊक होतं. तरी महिन्यातून एकदा वहिनी विचारायच्याच, "आज त्याचे किती सदरे पांढरे केलेस?" मावशी हात पुसून भाजी चिरायला घेत.

मावशींचा एकुलता एक मुलगा तिथेच पहारेकरी होता. अंगाने ताडासारखा, म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणत. वहिनींना मूल नव्हतं, त्यामुळे लांब्याचा निम्मा हट्ट त्यांनीच पुरवलेला. त्यालाही टोमणा बसे, पण तो हसून म्हणायचा, "मामी, मी त्याला राखत नाही गं, फाटक राखतो. उद्या तो गेला तरी फाटक राहीलच." वहिनी तोंड फिरवत, कारण हसू येई.

पहारेकऱ्यांना दोन-दोन गणवेश मिळत, आणि गणवेश अंगावर असल्याशिवाय शस्त्रकोठीतून बंदूक मिळत नसे. कोठीवाला त्या बाबतीत अगदी अडेलतट्टू. त्या दिवशी लांब्याचा एक गणवेश शिंप्याकडे होता. दुसऱ्याच्या उजव्या बाहीवर, मनगटाच्या वर चार बोटं, गाडीचं ग्रीस लागलं होतं. मावशींनी आदल्या दिवशी तो धुतला, वाळवला, पण ग्रीस पुरतं निघालं नव्हतं. पहाटे उजाडता उजाडता लांब्या बनियनवरच गणवेश मागायला आला.

"डाग आहे," मावशी म्हणाल्या.

"फाटकाला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय. सगळ्या जगाचे डाग काढते आणि माझ्याच पोराच्या बाहीला ग्रीस? तासभर थांब. चहा घे."

"मग आज चोर आले तर त्यांनाही चहाच पाजतो," असं म्हणून लांब्या स्टीलचा पेला घेऊन धुलाईखोलीच्या पायरीवर बसला.

मावशींनी बाहीवर पावडर भुरभुरली आणि इस्त्री तापत ठेवली. तेवढ्यात छपराचे पत्रे थरथरू लागले. आधी त्यांना वाटलं बॉयलरच बिघडला. मग अंगणात धूळ उठली आणि धुळीतून हेलिकॉप्टरचे दोर लोंबताना दिसले. पुढे सगळं अकरा मिनिटांत झालं, असं नंतर टीव्हीवर सांगत होते. मावशींना विचारलं असतं तर त्यांनी एवढंच सांगितलं असतं, की लांब्या पेला हातात घेऊन उभा राहिला, त्याने मागे वळून "आई, खाली वाक," म्हटलं, आणि तो खाली बसल्यासारखा पडला. पेला पायऱ्यांवरून वाजत गेला. इस्त्रीच्या टेबलाखालून त्यांनी पाहिलं, परक्या फौजेची माणसं साहेबांना दोन्ही दंडांना धरून नेत होती. साहेबांच्या अंगावर निळ्या पट्ट्यांचा झोपायचा सदरा होता. सोमवारी मावशींनीच इस्त्री केलेला. मग बॉयलरच्या तेलाने पेट घेतला. धुलाईच्या याद्या, कपाटं, चादरी, सगळं जळालं. मावशी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात लांब्याचा गणवेश होता. हातातच राहिला होता, एवढंच.

त्या दिवशी वहिनींना एका तासात दोन बातम्या मिळाल्या. एकीची त्यांनी सात वर्षं वाट पाहिली होती. गल्लीत लोक शिट्ट्या वाजवत होते. वहिनींनी खिडकी लावून घेतली आणि मावशींचे काजळी लागलेले पाय ओल्या फडक्याने पुसले. 

परक्या देशाचा प्रवक्ता टीव्हीवर शांतपणे सांगत होता, की ही लढाई नव्हती, अटक होती. त्यांच्या कोर्टाचं वॉरंट होतं, आणि फौज नेली ती फक्त अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या रक्षणासाठी. अटकेला सशस्त्र विरोध करणारे एकतीस पहारेकरी मारले गेले. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात यादी आली. लांब्याचं नाव नववं होतं.

मावशींनी ती यादी कापून आणली आणि शेजारपाजारच्या प्रत्येकाला दाखवली. त्याच्या हातात पेला होता हो, त्या सांगत. लोक मान हलवत, आणि थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यांत दिसे, की आईला असंच वाटणार. गणवेश त्यांनी पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाला ठेवला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. चार महिने पिशवी उघडली नाही.

मग वकीलबाई आल्या. साहेबांचा खटला तिकडे, परक्या देशात उभा राहिला होता. साहेबांच्या बाजूने इथले साक्षीदार गोळा करायचं काम या बाईंकडे होतं. साहेबांचं नाव निघताच वहिनींनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या मागे घेतला. वकीलबाई तरीही बसल्या. शस्त्रकोठीवाला वाचला होता आणि त्याने जबानी दिली होती, की त्या सकाळी लांब्याने बंदूक नेलीच नाही, त्याचा गणवेश धुलाईखोलीत अडकला होता. तो गणवेश कुठे आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"माझ्याकडे आहे," मावशी म्हणाल्या, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज नीट उमटला.

वहिनींनी मात्र बाईंची उलटतपासणी सुरू केली. दुसऱ्या देशात फौज घुसवून माणूस उचलता येतो का? वकीलबाईंनी सांगितलं, की कायद्याने नाही येत. कोर्टाचं वॉरंट त्या देशाच्या हद्दीपुरतं असतं. त्यातून पदावर असलेल्या प्रमुखाला परक्या कोर्टापुढे उभंच करता येत नाही, असा जुना नियम आहे. यावर त्या देशाचं म्हणणं, की आम्ही याला प्रमुख मानतच नव्हतो.

"आणि त्यांचा न्यायाधीश काय म्हणेल?"

"बहुतेक म्हणेल, कसा आणला ते मला विचारू नका, आता तो माझ्यापुढे आहे, मी खटला चालवणार. तिकडे तसा पायंडाच आहे."

"मग कशाला उन्हातान्हाची पायपीट करता?"

वकीलबाईंनी चपलांवरची धूळ झटकली. मग म्हणाल्या, "एकदा अटक म्हटली ना, की मेलेला प्रत्येक जण विरोध करणारा ठरतो. यादीतला एक जरी बिनहत्यारी निघाला, तर ती यादी खोटी पडते. साहेब सुटोत न सुटोत. तुमचा मुलगा त्या यादीतून सुटेल."

वहिनींनी शेवटचा प्रश्न विचारला. साहेबांवर तिकडे गुन्हा कसला ठेवलाय? अमली माल आणि काळा पैसा, वकीलबाई म्हणाल्या, त्यांच्या देशात पोचलेला. आणि इथून उचलून नेलेली माणसं? छापखान्यातला यंत्रवाला? ते त्या खटल्यात नाही, त्यांनी सांगितलं. तिकडच्या कोर्टाचा त्याच्याशी संबंध नाही.

वहिनी उठून मोरीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. "म्हणजे माझ्यासाठी नेलाच नाही त्याला," त्या म्हणाल्या. "इथे असता तर एक ना एक दिवस खुर्चीवरून उतरला असता. मी समोर उभी राहून विचारलं असतं. आता कुणाला विचारू? तुम्ही त्याच्याशी बोलता ना? मग विचारा. माझा नवरा कुठे पुरलाय, तेवढं विचारून या. मग गणवेश न्या."

 गणवेश मावशींचा, मुलगा मावशींचा, आणि अट वहिनी घालत होत्या. पण भावाला नेल्यावरही सात वर्षं साहेबांचे सदरे त्यांनी धुतले होते. त्यांनी मान डोलावली. वकीलबाईंनी नाव लिहून घेतलं, उत्तराची हमी देत नाही म्हणाल्या, आणि दारातून मावशींना सांगून गेल्या, की तो गणवेश जपून ठेवा, न्यायाधीशांसमोर ठेवायचा आहे.

त्याच दुपारी मावशींनी ट्रंक उघडली. गणवेश चुरगळला होता, पावडर बाहीवर चिकटून पिवळी पडली होती, आणि खाली तो डाग तसाच होता, सुपारीएवढा. मावशींनी तो उजेडात धरला. न्यायाधीशांसमोर, परक्या देशात, इतक्या लोकांत लांब्याचा कपडा असा जाणार? चार महिने ज्या बाईला अंथरुणातून उठवत नव्हतं, तिने बाह्या वर सारल्या. आधी रॉकेलचा बोळा, मग साबण, मग कोमट पाणी, मऊ ब्रश. जुनं ग्रीस हटेना. पाच दिवस त्या रोज त्या बाहीला बसत होत्या. वहिनी लांबून बघत. त्यांना बरंच वाटलं, बाई निदान जेवतेय. सहाव्या दिवशी डाग निघाला. मावशींनी खळ केली, गणवेश वाळवला, शेजारणीची इस्त्री आणून कडक घडी घातली आणि कागदात गुंडाळून ठेवला. त्या दिवशी त्या झोपल्याही.

तीन आठवड्यांनी वकीलबाई परत आल्या. या वेळी वहिनींनी आपणहून पाणी दिलं. बाई ते प्यायल्या नाहीत. "विचारलं मी," त्या म्हणाल्या. "फोनवर दोनदा विचारलं. असा माणूस आठवत नाही म्हणाले. अशी पुष्कळ नावं असतात म्हणाले."

 मावशी जमिनीकडे बघत बसल्या होत्या. अट पुरी झाली की नाही हे विचारायची त्यांची छाती होत नव्हती. वहिनीच उठल्या. ट्रंकेतून त्यांनी कागदाची गुंडाळी काढली आणि वकीलबाईंच्या मांडीवर ठेवली. "न्या," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी नाही देत. माझ्या लांब्यासाठी देते."

वकीलबाईंनी कागद उलगडला. गणवेशाची डावी बाही पाहिली, मग उजवी. खिडकीशी नेऊन पुन्हा उजवी पाहिली.

"मावशी, डाग?"

"निघाला," मावशी म्हणाल्या. चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता. "सहा दिवस लागले. पण नावालाही नाही राहिला."

वकीलबाई हळूच खाली बसल्या. कोठीवाल्याच्या जबानीत तो डाग होता, त्या म्हणाल्या. उजवी बाही, मनगटाच्या वर, ग्रीस; बंदूक परत घेताना त्याने पाहिलेलं. त्याच डागासाठी गणवेश अडला, म्हणून बंदूक नाही, हे त्याने लिहून दिलं होतं. धुलाईच्या याद्या जळल्या. उरला होता तो डाग. आता समोरचा वकील म्हणेल, हा कुठलाही गणवेश आहे, काल शिवून आणलेला. तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, चूक माझी आहे, असंही त्या म्हणाल्या. त्यांनी मावशींची जबानी लिहून घेतली, अंगठ्याच्या ठशाशेजारी सही घेतली, गणवेशाचे फोटो काढले. गणवेश बरोबर नेला नाही.

त्या गेल्यावर मावशी तशाच बसून राहिल्या. काही दुखलं की हुंदका येतो तसा काही आला नाही. त्यांना पायरी आठवत होती. डाग आहे, आपण म्हणालो. तासभर थांब, आपण म्हणालो. तसाच जाऊ दिला असता तर तो फाटकाशी असता, हातात बंदूक असती, यादी खरी ठरली असती. की फाटकाशी वाचलाच असता? फाटकावरचे दोघे वाचले होते.

वहिनी काही टोमणा मारतील असं त्यांना वाटलं. मारला असता तर बरं झालं असतं. वहिनींनी गणवेश उचलला आणि त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"कुठे होता गं?" त्यांनी विचारलं.

मावशींनी न बघता बाहीवर बोट ठेवलं. मनगटाच्या वर, चार बोटं. वहिनींनी बाही डोळ्यांजवळ नेली, कापड उजेडाकडे ताणून धरलं, नख फिरवून पाहिलं. मावशींनी काम चोख केलं होतं. तिथे काहीच नव्हतं.