पडद्यावर नसलेला गुरुवार

डिस्क लावली आणि पडद्यावरचा माणूस भलतंच बोलायला लागला.

हिंदी नाही, इंग्रजी नाही, तेलुगूही नाही. तेलुगू असती तर मी सांभाळून घेतलं असतं. पांढरकवड्याहून पुढं तेव्हा आंध्रच लागायचं, तिकडचे ट्रकवाले रोज भेटत. रहीमभाईनं चॅनल फिरवून पाहिला. व्हीसीडीला दोन चॅनल असतात, डावा अन् उजवा. कधी एकावर मूळ भाषा असते, दुसऱ्यावर हिंदी. इथं दोन्हीकडं तीच बोली.

"काका, डिस्क देणाऱ्या नागपूरवाल्यानं टोपी घातली," रहीमभाई म्हणाला. तो माझा मेकॅनिक. मशीन, जनरेटर, सगळं तोच पाहायचा.

कव्हर घेऊन मी बाजूच्या मेडिकलवाल्याकडं गेलो. त्यानं वाचून सांगितलं, पिक्चर मलेशियाचा आहे.

बाजाराचा दिवस होता. ऑटोवर भोंगा बांधून सकाळपासून गावात पुकारा सुटला होता, बारा वाजता फाइटिंगचा पिक्चर म्हणून. दुसऱ्या पिक्चरची डिस्क हाताशी नव्हती. रहीमभाई म्हणाला, आज बंद ठेवू. मी म्हटलं, बाजाराच्या दिवशी मी आजवर शो बंद ठेवला नाही अन् ठेवणार नाही. भाषा कोणतीही असो, मारणारा मारतो अन् पडणारा पडतो. बाकी सांगायला मी आहे.

माझं काम हेच होतं. सांगणारा. आधी जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये, नंतर व्हिडिओ हॉल निघाले तेव्हा माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये. बाहेरदेशचा पिक्चर लागला की पडद्याच्या बाजूला स्टुलावर बसायचं, माइक धरायचा अन् काय चाललंय ते आपल्या बोलीत सांगायचं. शिक्षण चौथी. पण लोक पिक्चरपेक्षा माझं सांगणं ऐकायला यायचे. ही बढाई नाही, त्या वेळच्या कोणालाही विचारा.

या धंद्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. शोच्या आधी ट्रायल घ्यायची, म्हणजे आपण एकट्यानं पाहून गोष्ट डोक्यात बसवायची. अन् पडद्यावरच्या माणसांना हॉलमधल्याच लोकांची नावं द्यायची. परदेशी नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. व्हिलनला पानठेलेवाल्याचं नाव दिलं की हॉल उसळते, अन् पानठेलेवाला सगळ्यात जास्त हसते.

ट्रायल चालू असताना गजानन आत येऊन मागं बसला. गजानन म्हणजे शेठचा बॉडीगार्ड. उंच, तालमीतला पोरगा. शेठ बियाण्याचा व्यापारी. तेव्हा बीटी कपाशी नवीन होती, जो तो तेच बियाणं मागायचा. हा माणूस जिनिंगमधली सरकी आणायचा, गुलाबी पावडर चोळायचा, अन् नामी कंपनीसारख्या दिसणाऱ्या पाकिटात भरायचा. झाड कंबरेएवढं वाढायचं, बोंड धरायचं नाही. गावागावातले लोक दुकानाला घेराव घालायला लागले तेव्हा शेठनं दोन बॉडीगार्ड ठेवले. एक गजानन, दुसरा प्रभाकर. प्रभाकर ठेंगणा, दाट भिवयांचा. दोघं लहानपणचे सोबती, एका ताटात जेवणारे. दर बाजाराला माझ्याकडं यायचे अन् पहिल्या बाकावर बसायचे.

पडद्यावरही तेच निघालं. एक काळ्या धंद्याचा मालक, त्याचे दोन बॉडीगार्ड, एक उंच, एक ठेंगणा. मालक ओरडून काही बोलला तसा रहीमभाई ताठ झाला.

"काका, खयानत म्हनला तो! आपलाच शब्द हाय. अमानत में खयानत. कोनी विश्वासानं ठेवाले देल्लं, अन् ते खाऊन टाकलं, तं ते खयानत."

त्या एका शब्दावर मी सगळी गोष्ट लावली. उंच गडी मालकाची खबर लपून पोलिसांना देऊन राहिला होता. पहिली डिस्क संपली तेव्हा तो फोन कानाला लावून उभा होता, अन् मागं दारात कोणाची तरी सावली.

पिक्चर दोन डिस्कवर येते, मधे इंटरव्हल. दुसरी लावणार तर लोडशेडिंग झालं. जनरेटरचं डिझेल शोपुरतंच होतं. दुसऱ्या डिस्कची ट्रायल राहून गेली.

रहीमभाई जनरेटर पाहायला बाहेर गेला. अंधाऱ्या हॉलमध्ये गजानन अन् मी.

"काका, त्या लंबूचं पुढं काय होते?"

"मले काय माहीत बे? दुपारी पाहू."

तो उठला नाही. मग म्हणाला, "काका, माह्या बापानं गेल्या साली शेठचंच बियाणं पेरलं. पोरगा तिथं कामाले हाय, खोटं कसं देईन म्हने. चार एकरात एक बोंड नाई. लोकं बापाले इचारतात, तुह्या पोराले माहीत नोतं काय गा?"

"तुले माहीत होतं?"

"होतं. बापानं मले न इचारताच आणलं. आता तो माह्याशी बोलत नाई. वावरात बी जात नाई. पऱ्हाटी उपटाले सुदा गेला नाई."

बाहेर जनरेटरची दोरी ओढल्याचा आवाज आला. तो जवळ सरकला.

"यंदाचा माल घाटंजी रोडच्या गोदामात भरला हाय. पेरणीच्या आधी गावोगाव जाईन. येत्या गुरुवारी सकाळच्या यष्टीनं मी यवतमाळले जाऊन राह्यलो. शेतकी हापिसात एका साह्यबाशी बोलणं झालं हाय. परभ्याले बी सांगतलं नाई. तुमाले काहून सांगून राह्यलो, मलेच कळत नाई."

मी मिशीवर हात ठेवला. मोठी होती तेव्हा माझी मिशी. "गजू, माह्या तोंडातून गेलं तं ही काढून टाकीन."

"कायले मिशीची शपथ घेता काका," तो हसला. "चुप राहा म्हंजे झालं."

बारा वाजता हॉल भरला. मी माइक घेतला. दोन बॉडीगार्ड पडद्यावर आले तसे लोकच ओरडले, "काका, हा गजू, हा परभ्या!" उंच तो गजू, ठेंगणा तो परभ्या. नावं मी दिली नाहीत, हॉलनं दिली. मी उलटी देऊ शकलो असतो. पण तेव्हा हॉल हसत होता, अन् हसणारा हॉल मी कधी अडवला नाही. ते दोघंही पहिल्या बाकावर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

त्या दिवशी मी फार चांगलं सांगितलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. मालक जेवायला बसला तर मी म्हटलं, "पाहा, शेठ ठेचा मांगून राह्यला!" मालकाची बायको रागावली तर तिच्या तोंडी आमच्या गल्लीतल्या शिव्या घातल्या. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी रंगलो होतो.

उंच गडी फोनपाशी आला. एवढंच होतं पडद्यावर. माणूस, फोन, सावली. मी काय बोललो ते मला शब्द न् शब्द आठवते.

"अन् आता आपला गजू कोनाले न सांगता गुरुवारच्या सकाळच्या यष्टीनं चालला यवतमाळले, साह्यबाले गोदाम दाखवाले!"

हॉल हसला. पडद्यावर यष्टी नव्हती. गुरुवार नव्हता. यवतमाळ नव्हतं, गोदाम नव्हतं. पडद्याच्या उजेडात गजाननचं तोंड मला दिसलं. तो माझ्याकडं पाहत होता. प्रभाकर त्याच्याकडं पाहत होता. पहिल्या बाकावर तेवढे दोघंच हसत नव्हते.

डिस्क संपली. रहीमभाईनं दार उघडलं, लोक चहा प्यायला बाहेर पडले. प्रभाकर सरळ माझ्या स्टुलापाशी आला.

"काका, हे तुमी पिक्चरमधलं सांगतलं का बाहेरचं?"

सोपं उत्तर होतं. लेका, मी तर मालकाला ठेचाही खाऊ घातला, तो काय पिक्चरमधला होता? एवढं बोललो असतो तर निभलं असतं. तीस वर्षं मी गर्दीपुढं बोललो होतो, माझी जीभ कधी अडली नव्हती. तेव्हा अडली. माझा हात आपोआप मिशीवर गेला.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली अन् बाहेर गेला. समोर एसटीडी बूथ होता. काचेआड तो फोन कानाला लावून उभा होता.

मी गजाननकडं धावलो. "मांगच्या दारानं निंघ. रहीमभाईची सायकल घे."

"कुठं जाऊ काका? बाप घरी हाय ना. मी नाई भेटलो तं तेथं जातीन."

"गजू, माह्या तोंडातून कसं..."

"ऱ्हाऊ द्या."

प्रभाकर परत आला तेव्हा त्याच्या हातात चहाचे दोन ग्लास होते. एक त्यानं गजाननला दिला. दोघं शेजारी बसून चहा प्यायले. प्रभाकरनं रिकामे ग्लास बाकाखाली ठेवले अन् म्हणाला, "चाल. शेठनं बलावलं."

"तू बी हाय ना संगं?"

"हावो. मीच हाय."

त्यानं गजाननच्या खांद्यावर हात टाकला, रोज टाकायचा तसाच. दोघं दारातून बाहेर गेले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

लोक येऊन बसले होते. "काका, डिस्क लावा ना! झोपले काय?" माझ्या हातात माइक होता, समोर दीडशे लोक होते. एकदा म्हटलं असतं, जीप अडवा रे, तर दहा जण तरी उठले असते. त्यांच्यातल्या कित्येकांच्या वावरात त्याच शेठच्या बियाण्याच्या पऱ्हाट्या वांझ उभ्या राहिल्या होत्या. मी रहीमभाईला खूण केली अन् दुसरी डिस्क लावली.

पिक्चरचा शेवट मी लोकांबरोबरच पाहिला. ठेंगणा गडी उंच गड्याला नदीकाठी नेतो. पिस्तूल काढतो. खूप वेळ धरून ठेवतो. मग पाण्यात फेकून देतो अन् म्हणतो, जा. उंच गडी पळत सुटतो. मी काहीच सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. सगळ्या हॉलनं उठून टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाकावर दोन जागा रिकाम्या होत्या.

गजानन दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात सापडला. उजवा गुडघा फुटला होता. कागदावर लिहिलं, जीपमधून पडला. त्यानंही तेच सांगितलं, बापानंही तेच.

गुरुवारी सकाळच्या यष्टीत त्याच्याऐवजी मी बसलो. साहेबांना शोधलं, सगळं सांगितलं. साहेब चांगला माणूस होता, माझ्यासोबत गाडी काढून आला. घाटंजी रोडचं गोदाम उघडंच होतं. झाडलेलं, वरून पाणी शिंपडलेलं. फरशीच्या फटीतून मी नखानं गुलाबी सरकीचे सात-आठ दाणे काढले अन् त्यांच्या हातावर ठेवले.

"काका," ते म्हणाले, "एवढ्यावर पंचनामा होत नाही."

तो माल दारव्ह्याकडं गेला असं नंतर कानावर आलं. दिवाळीला मी त्या बाजूनं जीपमधून गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवीगार पऱ्हाटी, कंबरेएवढी. पांढरं कुठंच नव्हतं.

गजाननला भेटायला मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा बाप दारात बसला होता. पहिल्या दोन वेळी त्यानं मान वर केली नाही. तिसऱ्या वेळी केली.

"मिशी काहून काढली गा?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"त्यानं गुडघा थोडी जुळते," तो म्हणाला अन् पुन्हा मान खाली घातली. आत गजानन खाटेवर होता, मला दिसत होता. त्यानं हाक मारली नाही. मी परत आलो.

प्रभाकर महिनाभरानं बाजाराच्या दिवशी आला. पहिल्या बाकावर एकटाच बसला, बाजूची जागा रिकामी ठेवून. शो संपल्यावर सगळे गेले तरी उठला नाही.

"काका, तो मलेशियाचा पिक्चर. मी सेकंड डिस्क पाह्यलीच नाई. काय होते त्याच्यात?"

"सोडून देते त्याले. पिस्तूल नदीत फेकते अन् जा म्हनते."

त्यानं पडद्याकडं पाहिलं. पडदा कोरा होता.

"मंग शेठनं त्या सोडणाऱ्याचं काय केलं?"

"ते दाखोलं नाई."

"तेच तं," प्रभाकर म्हणाला. उठला, बाजूच्या रिकाम्या जागेवरची धूळ हातानं पुसली अन् निघून गेला.

सांगायचं काम मी पुढं दोन वर्षं केलं, मग केबल घरोघर आली अन् हॉल बंद झाला. त्या दोन वर्षांत मी पडद्यावरच्या कोणालाच नाव दिलं नाही. लोक म्हणायचे, काका, आता पह्यल्यासारखी मजा नाई येत. बरोबर होतं त्यांचं. मिशी मी पुन्हा ठेवली नाही. या धंद्यात कोणी पडलाच तर माझ्याकडून एवढंच घ्यावं: पडद्यावर जेवढं आहे तेवढंच सांगावं, अन् एखाद्यानं अंधारात काही सांगितलं असेल तर त्या दिवशी माइक दुसऱ्याच्या हाती द्यावा.