मंगळवारची मोजणी

धुक्याचा पडदा हळूहळू वर गेला आणि अक्राच्या कोळीवाड्यातला रस्ता उजळला. कडेला लाकडी स्टुलावर, मांडीवर मोजणीचा कागद घेऊन ओकाइली बसली होती. बावीस वर्षं ती रस्त्यांवरची वर्दळ मोजत आली होती. आता इथं मॉल येणार होता आणि त्याचं फाटक याच रस्त्यावर उघडणार होतं.

दुपारी इंजिनिअर ओफोसू आला. पोरगा समुद्रापासून लांब, कुमासीत वाढलेला.

"पायी माणसं फक्त चाळीस? मग सिग्नलचा खर्च कशाला, मावशी? करा सही, व्हा मोकळ्या."

ओकाइलीनं पेन खाली ठेवलं. "कचेरीत दोनदा सांगितलं होतं साहेब, मंगळवार नको."

"मोजणी मंगळवारीच करतात. पुस्तकात तसंच आहे."

"पुस्तकवाल्याला कोळीण भेटली नसेल. मंगळवारी आमचा समुद्र विश्रांती घेतो, एक होडी पाण्यात जात नाही. उद्या बघा, मासळीची घमेली घेऊन तासाला तीनशे बायका रस्ता ओलांडतील. माझी बहीणसुद्धा. डोक्यावर ओझं असलं की मान वळत नाही, येणारी गाडी दिसत नाही."

ओफोसूनं किनाऱ्याकडे पाहिलं. साऱ्या होड्या वाळूवर ओळीनं पडल्या होत्या.

"अहो, पण अहवाल परवा द्यायचाय! आणि उद्याच्या मोजणीला मी नाही म्हटलं तर?"

ओकाइलीनं कागदाची घडी घातली आणि शांतपणे कमरेला खोचली.

"तर सही दुसऱ्या कुणाची घ्या. मी उद्या पहाटे पाचला इथंच असेन. तुम्हीही या, आणि स्टूल आपलं आपण आणा."